फर्मवेअरची मांडणी आणि संगणकाचा आरंभ : माहूरसारख्या दुर्गम तालुक्यातील संगणककक्षांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ तो कायमचा निकामी झाला असा घेण्याची प्रवृत्ती ग्रामीण भागातील शिक्षणसंस्था, ग्रामपंचायती व सेवा केंद्रे यांमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसून येते. वास्तविक अशा बिघाडांपैकी काही बिघाड यंत्रभागाचे नसून, त्या यंत्रभागांची ओळख करून घेणाऱ्या फर्मवेअरच्या मांडणीचे असतात. प्रस्तुत लेखात फर्मवेअरचे कार्य, संगणकाच्या आरंभाचा क्रम, आरंभकाळातील नेहमीचे बिघाड व मांडणीतील बदलाद्वारे त्यांचे निराकरण यांचे विवेचन केले असून, नांदेड जिल्ह्यातील माहूर तालुक्याच्या भौगोलिक व वीजविषयक परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर त्याचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : फर्मवेअर, बायोस, यूईएफआय, स्वपरीक्षण, सीमॉस सेल, संगणककक्ष.

प्रस्तावना :

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या स्थानामुळे संपूर्ण महाराष्ट्रास परिचित आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या परिसरात वसलेला हा तालुका डोंगराळ व वनव्याप्त असून गोंड, आंध, कोलाम, प्रधान, बंजारा आदी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले नांदेड शहर येथून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर आहे. माहूरला रेल्वे नाही; जवळचे रेल्वेस्थानक किनवट येथे आहे. अशा ठिकाणी संगणक बंद पडला तर दुरुस्तीसाठी तो नांदेड किंवा यवतमाळला न्यावा लागतो, अथवा तेथील तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. यात आठवडे जातात. तेवढ्या काळात प्रात्यक्षिकांचे तास बुडतात, शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपते व शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज राहून जातो.

महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचा प्रसार होण्यास २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केलेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने मोठी चालना दिली. केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना सुरू केली आणि त्यानंतर तालुक्याच्या व खेड्यांच्या ठिकाणीही संगणककक्ष उभे राहू लागले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या १९९४ मधील स्थापनेनंतर या परिसरातील महाविद्यालयीन शिक्षणाचा विस्तार झाला व संगणकाचा वापरही वाढला. संगणक आले, परंतु ते सुस्थितीत ठेवण्याचे ज्ञान त्याच गतीने आले नाही. अनेक कक्षांच्या कोपऱ्यात ‘मदरबोर्ड गेला’ असा शेरा मारून ठेवलेले संच धूळ खात पडलेले असतात. त्यांतील काही संचांना खरोखर गरज असते ती एका नाण्याएवढ्या सेलची व फर्मवेअरमधील दोन नोंदी बदलण्याची. हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून सार्वजनिक निधीच्या योग्य विनियोगाचा व विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हिताचाही आहे.

उद्दिष्टे :

१. फर्मवेअर या संकल्पनेचा व तिच्या विकासाचा परिचय करून देणे.
२. संगणकाच्या आरंभाचा क्रम सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
३. आरंभकाळातील बिघाडांची लक्षणे व मांडणीतील उपाय सांगणे.
४. मांडणी बदलताना घ्यावयाची दक्षता विशद करणे.
५. दुर्गम भागातील संगणककक्षांसाठी व्यवहार्य पद्धती सुचविणे.

फर्मवेअर : संकल्पना व विकास :

संगणकाची कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो वा लिनक्स, हार्ड डिस्कवर साठविलेली असते. परंतु वीज सुरू होताच प्रोसेसरला हार्ड डिस्क नावाची वस्तू अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. मुख्य स्मृती किती आहे, कळफलक कोठे जोडला आहे, पडद्यावर अक्षरे कशी उमटवावीत, यांपैकी कोणतीच माहिती त्यास नसते. ही माहिती करून देणारी छोटी आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमस्वरूपी ठेवलेली असते. हीच फर्मवेअर होय. यंत्रसामग्री व आज्ञावली यांच्या मधला हा दुवा आहे. घरातील सर्वांच्या आधी उठून दिवा लावणाऱ्या व मग इतरांना जागे करणाऱ्या माणसाचे काम फर्मवेअर करते, असे म्हणता येईल.

‘बायोस’ ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम या कार्यप्रणालीसंदर्भात प्रथम वापरली. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकामुळे ती सर्वत्र रूढ झाली. त्या संगणकात मांडणी बदलण्यासाठी पडदा नव्हता; मदरबोर्डवरील बारीक खटके वर-खाली करून स्मृती व डिस्क ड्राइव्ह यांची माहिती द्यावी लागे. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी-एटी या संगणकात प्रथमच घड्याळ व ६४ बाइट स्मृती असलेली, सेलवर चालणारी सीमॉस चिप बसविण्यात आली. या ६४ बाइटपैकी १४ बाइट घड्याळ व त्याच्या नियंत्रणासाठी आणि उरलेले ५० बाइट मांडणीसाठी होते. आज ज्यास ‘सीमॉस सेल’ म्हटले जाते त्याचा उगम येथे आहे.

१९८४ साली फिनिक्स या कंपनीने आयबीएमशी सुसंगत असे स्वतंत्र बायोस तयार केले व त्यामुळे अनेक कंपन्यांना स्वस्त संगणक बनविणे शक्य झाले. १९८५ साली भारतीय वंशाचे सुब्रमण्यन शंकर यांनी अमेरिकेत अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी स्थापन केली. तिचे ‘एएमआय’ हे नाव आजही असंख्य संगणकांच्या पहिल्या पडद्यावर झळकते. इंटेल कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय ही नवी रचना विकसित केली व २००५ साली स्थापन झालेल्या मंचाने ती यूईएफआय या नावाने सर्वांसाठी खुली केली. आज विक्रीस येणाऱ्या बहुतेक संगणकांत यूईएफआय असते. तथापि बोलीभाषेत तिलाही ‘बायोस’च म्हटले जाते. याच्या समांतर १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिनक्सबायोस हा मुक्त प्रकल्प सुरू झाला, जो पुढे कोअरबूट या नावाने ओळखला जाऊ लागला.

आरंभाचा क्रम :

बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे ओळखता आले तर अर्धे काम झाले असे समजावे. त्यासाठी आरंभाचा क्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. हा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असतो.

प्रथम विद्युतपुरवठा स्थिर झाल्याचा संकेत मिळतो व प्रोसेसर फर्मवेअरमधील पहिली आज्ञा वाचतो. त्यानंतर मुख्य स्मृतीचा आरंभ होतो. प्रत्येक स्मृतिपट्टीवर तिची गती, क्षमता व आवश्यक व्होल्टेज यांची माहिती असलेली एक अतिलहान चिप असते. फर्मवेअर ती वाचून त्याप्रमाणे स्मृती कार्यान्वित करते. तिसऱ्या टप्प्यात पडदा जागा होतो. चौथ्या टप्प्यात कळफलक, माउस, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड आदींची मोजदाद होते. शेवटी ठरवून दिलेल्या अनुक्रमाने कार्यप्रणाली शोधली जाते व संगणकाची सूत्रे तिच्या हाती सोपविली जातात. या संपूर्ण तपासणीस स्वपरीक्षण म्हणतात.

पडदा जागा होण्यापूर्वी दोष आढळल्यास फर्मवेअर तो अक्षरांनी सांगू शकत नाही. म्हणून ती आवाजाने सांगते. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड आवाज हे पडद्याशी संबंधित दोषाचे लक्षण होते. जुन्या एएमआय बायोसमध्ये एक, दोन किंवा तीन आखूड आवाज स्मृतीच्या दोषाकडे, तर आठ आवाज पडद्याच्या कार्डाकडे निर्देश करीत. प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे असल्याने मदरबोर्डची माहितीपुस्तिका जपून ठेवणे अगत्याचे आहे. सर्वसाधारण नियम असा की, पडद्यावर एखादे जरी वाक्य उमटले तरी प्रोसेसर, स्मृती व पडदा हे तीनही भाग किमान प्राथमिक पातळीवर काम करीत आहेत. अशा संचास ‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणणे घाईचे ठरते.

आरंभकाळातील बिघाड व मांडणीतील उपाय :

१. सेल व घड्याळ : मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा सेल ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा व ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास धरली व घड्याळास ५ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे मानले, तर २,२५,००० भागिले ५ म्हणजे ४५,००० तास, अर्थात सुमारे पाच वर्षे तो पुरतो. संगणकास भिंतीवरील खटक्यातून वीज मिळत असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळ त्या विजेवर चालते व सेल विश्रांती घेतो. परंतु ज्या कक्षात विजांच्या कडकडाटाच्या भीतीने रोज सायंकाळी मुख्य खटका बंद केला जातो, किंवा दीर्घ सुट्टीत महिनोन्‌महिने वीज तोडलेली असते, तेथे सर्व भार सेलवर पडतो. मुख्य खटका बंद करण्याची सवय योग्यच आहे. तिच्यासोबत ठरावीक वर्षांनी सेल बदलण्याची सवयही असावयास हवी, एवढेच.

सेल उतरला की जुन्या संगणकात सर्व मांडणी पुसली जाते व मूळ मांडणी लागू होते. नव्या यूईएफआय संगणकांपैकी अनेकांत मांडणी फ्लॅश चिपमध्येच राहत असल्याने केवळ तारीख व वेळ चुकते. ही चूक किरकोळ वाटते, परंतु तिचे परिणाम गंभीर असतात. घड्याळ अनेक वर्षे मागे गेले की ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अद्याप लागूच झालेली नाहीत असे वाटते व तो संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो. शिष्यवृत्तीचा वा परीक्षेचा अर्ज भरण्यास आलेल्या विद्यार्थ्यास ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये’ असे सांगितले जाते. दोष सर्व्हरचा नसतो, तर खोलीतीलच संगणकाच्या तारखेचा असतो. वीस किलोमीटरवरच्या पाड्यावरून एसटीने आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या ‘उद्या’ची किंमत एक दिवसाची मजुरी व कदाचित वर्षाची शिष्यवृत्ती असते.

२. हार्ड डिस्क न सापडणे : मूळ मांडणी लागू झाल्यावर आरंभाचा अनुक्रम बदलतो व ‘आरंभयोग्य उपकरण आढळले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. अशा वेळी प्रथम संगणकास एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय ते पाहावे. त्यानंतर मांडणीच्या पडद्यात जाऊन हार्ड डिस्कचे नाव यादीत दिसते काय ते तपासावे. नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे व केवळ अनुक्रम सुधारावयाचा आहे. नाव दिसत नसेल तर वीज व माहितीची केबल काढून पुन्हा बसवावी आणि नंतरच डिस्क निकामी असल्याचा संशय घ्यावा.

यासंदर्भात दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली नोंद साटा पद्धतीची. आयडीई व एएचसीआय या दोन पद्धतींपैकी ज्या पद्धतीत कार्यप्रणाली बसविली त्याच पद्धतीत ती चालते. सेल उतरल्याने ही नोंद आपोआप बदलली की विंडोज सुरू होता होता निळा पडदा येऊन संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो. अशा वेळी डिस्क पुसून विंडोज नव्याने बसविली जाते व त्यात विद्यार्थ्यांची कामे, कार्यालयाच्या नोंदी नष्ट होतात. वास्तविक नोंद पूर्ववत केल्यास काम भागते. दुसरी नोंद आरंभपद्धतीची. जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क लेगसी पद्धतीतच, तर जीपीटी पद्धतीने विभागलेली विंडोजची डिस्क यूईएफआय पद्धतीत सुरू होते. या दोहोंत विसंगती असेल तर उत्तम स्थितीतील डिस्कही रिकामी भासते.

डिस्कच्या क्षमतेची मर्यादाही फर्मवेअरशी निगडित आहे. जुन्या बायोसमध्ये १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर एवढीच गणना शक्य असे. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास ही मर्यादा सुमारे ५२८ मेगाबाइट येते. पुढे २८ अंकी द्विमान पत्त्यांमुळे ती सुमारे १३७ गिगाबाइट झाली. जुन्या विभागणी पद्धतीत ३२ अंकी पत्ते असल्याने सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडील जागा वापरता येत नाही. देणगीदाखल मिळालेली मोठी डिस्क जुन्या संचास बसविली व ती अर्धवटच दिसली, तर दोष डिस्कचा नसून मोजणाऱ्याच्या मापाचा असतो.

३. थंड अवस्थेत सुरू न होणे : काही जुने संच सकाळी प्रथम सुरू करताना डिस्क सापडत नाही असे सांगतात, परंतु लगेच कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्यावर व्यवस्थित सुरू होतात. याचे कारण असे की, जुन्या डिस्कची तबकडी पूर्ण गती घेण्यापूर्वीच फर्मवेअर तिची चौकशी करून पुढे निघून जाते. अशा वेळी जलद आरंभाची नोंद बंद करावी व उपलब्ध असल्यास डिस्कसाठी काही सेकंदांचा विलंब द्यावा. मात्र हे लक्षण डिस्कच्या वार्धक्याचे अथवा विद्युतपुरवठा घटकाच्या अशक्ततेचेही असू शकते. म्हणून संगणक सुरू झाला म्हणून निर्धास्त न होता त्याच दिवशी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवावी.

४. स्मृतीचा आरंभ न होणे : निरनिराळ्या गतीच्या दोन पट्ट्या एकत्र बसविल्यास फर्मवेअर सर्वसाधारणपणे कमी गती स्वीकारते, परंतु वाढीव गतीची नोंद सक्तीने दिलेली असल्यास स्मृती जागीच होत नाही. अशा वेळी मांडणी मूळपदावर आणून एकेका पट्टीने चाचणी घ्यावी. पावसाळ्यातील दमट हवेने पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ साचतो. वीज पूर्ण तोडून तो स्वच्छ करणे व पट्टी घट्ट बसविणे हा मांडणी बदलण्याच्याही आधीचा उपाय आहे.

५. पडदा, कळफलक व नेटवर्क : संगणकास स्वतंत्र ग्राफिक कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जोडणीस लावली असेल तर पडदा काळा राहू शकतो. प्रथम केबल योग्य जागी लावावी व नंतर मांडणीत मुख्य पडद्याची नोंद तपासावी. यूएसबी कळफलक विंडोजमध्ये चालतो परंतु मांडणीच्या पडद्यात चालत नसेल, तर लेगसी यूएसबीची नोंद बंद असण्याची शक्यता असते. त्यासाठी तात्पुरता जुन्या पद्धतीचा गोल पिनचा कळफलक वापरावा. संगणक प्रत्येक वेळी एफ-१ दाबण्यास सांगून थांबत असेल तर त्यामागील मूळ दोष, बहुधा उतरलेला सेल किंवा न फिरणारा पंखा, शोधावा. केवळ थांबण्याची नोंद बंद करणे म्हणजे ताप न पाहता तापमापक फेकून देण्यासारखे आहे. नेटवर्कवरून आरंभ करण्याची नोंद अनुक्रमात प्रथम असल्यास संगणक सुरू होण्यास विनाकारण विलंब लागतो. ती खाली न्यावी.

६. वीज गेल्यानंतरचे वर्तन : २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन अनुभवास आले. पुढे भारनियमन कमी झाले. परंतु वादळवाऱ्यात व पावसाळ्यात वीज जाणे-येणे दुर्गम भागात अजूनही नवे नाही. वीज परत आल्यावर संगणकाने काय करावे याची स्वतंत्र नोंद फर्मवेअरमध्ये असते. ती ‘सुरू व्हावे’ अशी असेल तर वीज येताच कक्षातील सर्व संच एकाच क्षणी सुरू होतात, त्यामुळे यूपीएस व वायरिंगवर एकदम भार येतो. शिवाय पहिल्या काही क्षणांतील कमी-अधिक दाबाचा फटकाही त्यांना बसतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या संचांसाठी ही नोंद ‘बंदच राहावे’ अशी ठेवणे इष्ट होय.

निदानाची पद्धत :

वरील विवेचनावरून एक साधी क्रमवार पद्धत सुचविता येते.

पहिली पायरी निरीक्षणाची. पंखा फिरतो काय, आवाज किती येतात, पडद्यावर कोणते वाक्य उमटते, हे लिहून घ्यावे. दुसरी पायरी बाह्य तपासणीची. वीज, केबल व लावलेली उपकरणे पाहावीत. अनावश्यक उपकरणे काढून टाकावीत. तिसरी पायरी नोंदीची. डिलीट, एफ-२ किंवा कंपनीनुसार असलेली कळ दाबून मांडणीच्या पडद्यात जावे व काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. चौथी पायरी घड्याळाची. तारीख चुकली असल्यास सेलचा दाब मोजावा. तो सुमारे २.७ व्होल्टच्या खाली असल्यास सेल बदलावा. पाचवी पायरी बदलाची. एका वेळी एकच नोंद बदलावी, जतन करावी व परिणाम पाहावा. एकाच वेळी पाच नोंदी बदलल्यास संगणक सुरू झाला तरी कशाने झाला हे कळत नाही व पुढच्या वेळी तोच गोंधळ पुन्हा होतो.

संगणक मांडणीच्या पडद्यापर्यंतही पोहोचत नसेल तर मांडणी बाहेरून पुसता येते. त्यासाठी वीजेची केबल काढून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, जेणेकरून उरलेला विद्युतभार निघून जाईल. त्यानंतर माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या दोन पिना सांगितल्याप्रमाणे जोडाव्यात किंवा सेल काही मिनिटे काढून ठेवावा. सेल पुन्हा बसविताना धन चिन्हाची बाजू वर असावी. मात्र यानंतर साटा पद्धत व आरंभपद्धत या नोंदी पूर्वीप्रमाणे कराव्या लागतात. म्हणूनच कक्षाच्या नोंदवहीत त्या आधीच लिहिलेल्या असणे आवश्यक ठरते.

घ्यावयाची दक्षता :

मांडणी बदलणे व फर्मवेअर बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मांडणीतील चूक मूळपदावर आणता येते. फर्मवेअर नव्याने लिहिताना मध्येच वीज गेली तर संगणक सुरू होण्याची क्षमताच गमावू शकतो. म्हणून कंपनीने सांगितलेला विशिष्ट दोष दूर करावयाचा असेल तेव्हाच, मदरबोर्डचे नाव व आवृत्ती ताडून पाहून, भरवशाचा यूपीएस असताना हे काम करावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते कदापि करू नये.

फर्मवेअर नष्ट झाल्यास काय होते याचा धडा जगाला २६ एप्रिल १९९९ रोजी मिळाला. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच विषाणूने, ज्यास चेर्नोबिल असेही म्हटले जाते, त्या दिवशी विंडोज ९५ व ९८ वरील असंख्य संगणकांच्या डिस्कवरील माहिती पुसली व काही संगणकांतील फ्लॅश बायोसवर निरर्थक मजकूर लिहिला. आशियाई देशांना, त्यात भारतासही, याची मोठी झळ बसली. आजच्या संगणकांतील सुरक्षित आरंभ, स्वाक्षरी तपासूनच फर्मवेअर स्वीकारण्याची व्यवस्था व काही मदरबोर्डवरील दुहेरी बायोस यांमागे अशा धोक्यांचाच अनुभव आहे.

सुरक्षित आरंभ व टीपीएम या नोंदी बदलण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे काय ते पाहावे. तशी असल्यास पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली हाताशी असल्याशिवाय बदल करू नये, अन्यथा माहिती कायमची दुरावू शकते. मांडणीस परवलीचा शब्द लावल्यास तो बंद लिफाफ्यात कार्यालयात ठेवावा. तो एकाच कर्मचाऱ्यास ठाऊक असेल व त्याची बदली झाली, तर संस्थेचाच संगणक संस्थेला परका होतो.

जुन्या संचांचा प्रश्न :

विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० व सुरक्षित आरंभाची क्षमता आवश्यक आहे. येथेही फर्मवेअरची मांडणी निर्णायक ठरते. काही संगणकांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते, परंतु मांडणीत ती बंद ठेवलेली असते. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत असल्यास असा संच केवळ एक नोंद सुरू केल्याने पात्र ठरू शकतो. जो संच खरोखरच अपात्र आहे, त्यावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवून तो टंकलेखन, आज्ञावली लेखन व वाचनासाठी आणखी काही वर्षे वापरता येतो. संच भंगारात काढण्यापूर्वी ही पडताळणी न करणे म्हणजे दुर्गम भागातील विद्यार्थ्याच्या हातातील साधन काढून घेणे होय.

उपाययोजना :

१. प्रत्येक संगणकासाठी नोंदवहीत एक पान असावे व त्यावर मदरबोर्डचे नाव, साटा पद्धत, आरंभपद्धत, अनुक्रम व सेल बदलल्याची तारीख लिहावी.
२. कक्षात चार-पाच नवे सेल, एक साधा मल्टिमीटर, एक गोल पिनचा कळफलक व आरंभयोग्य पेनड्राइव्ह कायम ठेवावा.
३. दीर्घ सुट्टीनंतर कक्ष सुरू करताना अध्यापनापूर्वी सर्व संचांची तारीख तपासावी.
४. पदवी स्तरावरील संगणक प्रात्यक्षिकांत फर्मवेअर मांडणीचा किमान एक तास असावा व तो जुन्या, निर्लेखित संचावर विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.
५. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत वरील निदानक्रम पूर्ण केल्याची नोंद जोडणे संस्थेने स्वतःहून बंधनकारक करावे.

यांपैकी चौथा उपाय विशेष महत्त्वाचा वाटतो. माहूर, किनवट परिसरातील जो विद्यार्थी हा क्रम आत्मसात करील, तो केवळ महाविद्यालयाचा संच सुरू करणार नाही, तर गावातील ग्रामपंचायतीचा, सेवा केंद्राचा व शाळेचा संगणकही मार्गी लावू शकेल. पदवीबरोबर उपजीविकेचे एक कौशल्य त्याच्या हाती येईल.

निष्कर्ष :

संगणकाच्या आरंभकाळातील बिघाडांचे मूळ अनेकदा यंत्रभागात नसून त्यांच्याविषयी फर्मवेअरने धरलेल्या समजुतीत असते. ही समजूत सेल उतरल्याने, वीज खंडित झाल्याने अथवा अजाणतेपणी केलेल्या बदलाने बिघडते व योग्य नोंदींनी ती पूर्ववत करता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. निरीक्षण, नोंद व एका वेळी एक बदल ही शिस्त लागते. जेथे दुरुस्ती केंद्र हाकेच्या अंतरावर आहे तेथे हे ज्ञान सोयीचे आहे. जेथे ते सव्वाशे किलोमीटरवर आहे तेथे ते अपरिहार्य आहे. खरोखर निकामी झालेले संच असतातच व फर्मवेअरची मांडणी त्यांना जिवंत करू शकत नाही. परंतु निकामी कोण व गैरसमजाने निकामी ठरलेला कोण, हा विवेक संगणककक्षातच करता आला, तर कोपऱ्यातील काही संच पुन्हा विद्यार्थ्यांसमोर येतील आणि ‘उद्या ये’ असे सांगून परत पाठविल्या जाणाऱ्यांची संख्या निश्चितच कमी होईल.